न्हाणीघराची फरशी आणि पाण्याची वाट
तुमसरच्या घरांतील गळती, तिची कारणे आणि तिच्यावरचे खात्रीचे उपाय

घरातील सर्व खोल्यांमध्ये न्हाणीघर ही एकच खोली अशी आहे की, जिच्या जमिनीवर रोज पाणी ओतले जाते आणि तरीही त्यातला एक थेंबही जमिनीखाली उतरू नये अशी अपेक्षा बाळगली जाते. ही अपेक्षा पूर्ण करणारे काम डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती वरची टाइल, आणि म्हणूनच घर बांधताना खर्चाचा व चर्चेचा मोठा वाटा टाइलचा रंग, आकार आणि चकाकी यांवर जातो, तर तिच्या खालच्या थरांविषयी घरमालक, मिस्त्री आणि कंत्राटदार यांच्यात फारसे बोलणेच होत नाही. पुढे दोन-तीन पावसाळे उलटल्यावर खालच्या खोलीच्या छताला पिवळसर डाग पडतो, रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो, आणि तेव्हा कुठे त्या न दिसणाऱ्या थरांची आठवण होते.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागातील तुमसर हे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी योग्य ठिकाण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले हे गाव तांदळाची जुनी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते; तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत; हावडा-नागपूर लोहमार्गावरच्या तुमसर रोड स्थानकातून तिरोडीकडे जाणारा फाटा फुटतो. येथे पावसाळ्याचे चार महिने धरून वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. ओल आणि उष्मा यांची ही टोके सिमेंटच्या कामाची कठोर परीक्षा घेतात. सौम्य हवेत जो सांधा दहा वर्षे टिकतो, तो येथे त्याआधीच उघडा पडू शकतो.

परसातून माडीवर

या भागातील जुन्या घरांत मातीच्या जाड भिंती, कवेलूचे छप्पर आणि घरामागच्या परसात न्हाणी अशी रचना असे. न्हाणी म्हणजे जमिनीवर बसवलेला एखादा सपाट दगड, त्याभोवती बुटकी आडभिंत किंवा ताट्या, आणि पाणी वाहून नेणारा एक उतार, जो बहुधा केळीच्या किंवा अळूच्या आळ्यापर्यंत जाई. दगडाच्या कडेने थोडे पाणी जमिनीत मुरले तरी कोणाचे काही बिघडत नसे, कारण खाली जमीनच होती आणि तिला ते पाणी हवेच होते.

गेल्या काही दशकांत घरे सिमेंटची झाली, न्हाणी घरात आली, मग माडीवर चढली आणि शयनगृहाला चिकटून बसली. स्वच्छ भारत अभियानाने २०१४ पासून आणि प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेने २०१६ पासून खेड्यांतही पक्की घरे व शौचालये उभी करण्याला वेग दिला. मात्र न्हाणीची जागा ज्या वेगाने बदलली, त्या वेगाने ती बांधण्याची सवय बदलली नाही. जमिनीवरच्या न्हाणीत जी ढिलाई खपून जात होती तीच स्लॅबवर नेली गेली, आणि तेथे खाली माती नसून लोखंडाच्या सळ्या, विजेच्या नळ्या आणि दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावरचे छत होते. गळतीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे. बाजारात मिळणाऱ्या रसायनांची उणीव हे तिचे कारण नव्हे; कामाचा क्रम चुकणे हे तिचे कारण आहे.

पाणी खाली कसे उतरते

सर्वसाधारण समजूत अशी की टाइल पाणी अडवते. ती निम्मीच खरी आहे. चांगली व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे उच्च तापमानाला भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल, स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. पण फरशी म्हणजे केवळ टाइल नव्हे. दोन टाइलांमधली फट ज्या मिश्रणाने भरतात त्याला ग्राउट म्हणतात, आणि साध्या सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते. त्यातून पाणी सावकाश खाली जाते आणि टाइलखालच्या मसाल्यात साठून राहते. म्हणून टाइल हा न्हाणीघराचा पोशाख आहे, पाणी अडवण्याचे काम तिच्या खालच्या थराने करायचे असते, हे तत्त्व प्रथम मान्य करावे लागते.

काँक्रीटही आपोआप जलरोधक नसते. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाला जेवढे पाणी लागते त्याहून जास्त पाणी मिश्रणात घातले की उरलेले पाणी पुढे सुकून जाते आणि आपल्या जागी केसासारख्या बारीक नळ्या सोडून जाते. या केशनलिका एकमेकींना जोडलेल्या असल्या तर पाण्याला स्लॅबच्या आरपार जाण्याची वाट मिळते. सिमेंटच्या संशोधनात टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, पाणी आणि सिमेंट यांच्या वजनांचे गुणोत्तर ०.४० असेल तर ओलसर ठेवलेल्या मिश्रणातील या नळ्या सुमारे ३ दिवसांत तुटक होतात, ०.४५ असेल तर ७ दिवसांत, ०.५० असेल तर १४ दिवसांत, ०.६० असेल तर ६ महिन्यांत, आणि गुणोत्तर ०.७० च्या पुढे गेले तर कितीही काळ पाणी मारले तरी त्या पूर्णपणे तुटत नाहीत. पन्नास किलोच्या पोत्याला ०.४५ च्या हिशेबाने साडेबावीस लिटर पाणी येते. कालवलेला माल थापीखाली सहज सरकावा म्हणून त्यात आणखी बादलीभर पाणी ओतले जाते, तेव्हा त्या एका बादलीने पुढच्या कित्येक वर्षांची गळती पक्की केलेली असते.

तिसरी वाट सांध्यांची आहे आणि प्रत्यक्षात हीच सर्वांत मोठी आहे. सांडपाण्याची नळी ज्या ठिकाणी स्लॅबमधून खाली जाते, तेथे प्लास्टिक आणि काँक्रीट हे दोन भिन्न स्वभावाचे पदार्थ शेजारी असतात. तापमान वाढले की पीव्हीसी हे काँक्रीटच्या साधारण पाच ते सात पट प्रसरण पावते. ११० मिलिमीटर व्यासाच्या नळीचे तापमान ३० अंशांनी बदलले, तर तिचा व्यास आणि भोवतालचे छिद्र यांच्यात सुमारे ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो. हिवाळ्याच्या सकाळी गिझरचे गरम पाणी वाहते आणि दुपारपर्यंत नळी पुन्हा थंड होते. असा फरक रोज पडत राहिला की सिमेंटने बुजवलेला सांधा सुटतो. केसाएवढी ही फट पाण्याला पुरेशी असते.

अडवणे आणि वाट देणे

पाणी अडवण्याचे ज्ञान या उपखंडाला नवे नाही. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह १९२५-२६ च्या उत्खननात पूर्णपणे उजेडात आले. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल अशा या कुंडाच्या विटा जिप्समच्या मसाल्यात घट्ट बसवलेल्या होत्या, त्यांच्यामागे डांबराचा थर होता, आणि तळाला एका कोपऱ्यातील निर्गमाकडे उतार दिलेला होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी तीन गोष्टी एकत्र केल्या होत्या : घट्ट पृष्ठभाग, त्याच्या मागे स्वतंत्र जलरोधक थर आणि पाण्याला बाहेर जाण्याची नेमकी वाट. आजच्या न्हाणीघराला याहून वेगळे काही लागत नाही.

भंडारा जिल्ह्याला हे तत्त्व आणखी जवळून परिचित आहे. येथील मालगुजारी तलाव, ज्यांना आता माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हटले जाते, ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. त्या तलावांची चिकणमातीची पाळ पाणी अडवते, तुडुम शेतीसाठी पाणी सोडतो आणि सलंग म्हणजे सांडवा जादा पाणी बाहेर काढतो. सलंग बुजवला तर कितीही भक्कम पाळ फुटते. न्हाणीघराच्या फरशीचेही तसेच आहे : उतार आणि निर्गम नसेल तर उत्तमातला उत्तम जलरोधक थरही साचलेल्या पाण्यापुढे कधीतरी हरतो.

मध्यंतरीच्या काळात चुन्यात भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून गच्च्या, हौद आणि न्हाण्या घट्ट करीत. विटेच्या भुकटीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही कठीण होणारा पदार्थ तयार होतो. रोमन बांधकामातही हीच युक्ती वापरली जात असे. महाराष्ट्रात आजही प्रचलित असलेला ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे जलरोधक मसाल्यात उभे बसवून त्यांवर घोटून केलेला थर, हा त्या परंपरेचा सिमेंट-युगातील वारसदार आहे. तो गच्चीवर उपयोगी आहे. पण न्हाणीघरात केवळ त्याच्यावर विसंबणे पुरेसे ठरत नाही, कारण विटेचे तुकडे स्वतःच पाणी पितात, आणि वरून शिरलेले पाणी त्यांच्यात महिनोन् महिने साठून राहते.

कामाचा योग्य क्रम

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार स्वतंत्र न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आणि किमान रुंदी १.२ मीटर असावी. एवढ्या लहान जागेतही काम सहा टप्प्यांत करावे लागते आणि त्यातला कोणताही टप्पा पुढे-मागे करून चालत नाही.

पहिला टप्पा नळ्यांचा. सांडपाण्याची नळी, कमोडची नळी आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतील पाणी गोळा करणारी आणि आपल्यात थोडे पाणी धरून दुर्गंधी अडवणारी वाटी, हे सर्व आधी पक्के बसवावे. ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी राहिले पाहिजे. तुमसरच्या उन्हाळ्यात बंद असलेल्या न्हाणीघरातील हे पाणी सुकून जाते आणि वास येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून तांब्याभर पाणी ओतणे. नळीभोवतीची मोकळी जागा केवळ सिमेंटच्या घासाने न भरता न आकुंचणाऱ्या ग्राउटने भरावी आणि नळीच्या भोवताली लवचीक सीलंटची कड द्यावी, म्हणजे नळीची रोजची हालचाल तो सांधा सोसू शकतो.

दुसरा टप्पा उताराचा. उतार टाइल बसवताना द्यायचा असतो असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. पाणी टाइलखालीही पोहोचते, म्हणून जलरोधक थराच्या खालीच सिमेंट-रेतीचा उतार काढावा, जेणेकरून त्या थरावर आलेले पाणीही ट्रॅपकडेच वाहील. १ : ६० चा उतार दिला तर १.८ मीटर लांबीत ३० मिलिमीटरचा फरक येतो. १ : ८० चा दिला तर साडेबावीस मिलिमीटरचा. अमेरिकेतील रीत याहून तीव्र आहे : तेथे शॉवरच्या तळाला दर फुटाला पाव इंच, म्हणजे सुमारे १ : ४८, उतार धरतात आणि ट्रॅपच्या कडेला लहान छिद्रे ठेवून टाइलखालच्या पाण्यालाही बाहेर पडू देतात.

तिसरा टप्पा कोपऱ्यांचा. भिंत आणि जमीन जेथे काटकोनात मिळतात तेथे मसाल्याची गोलाई काढतात, तिला कारागीर वाटा किंवा गोला म्हणतात. काटकोनात दिलेला लेप ताणला जाऊन तडकतो, गोलाईवर तो एकसंध राहतो. म्हणून वाटा काढण्यात घालवलेला अर्धा दिवस वाया गेलेला नसतो.

चौथा टप्पा जलरोधक थराचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांतील खोलगट भागांसाठीची एक पद्धत येथे मार्गदर्शक आहे. तीत पहिला थर चौरस मीटरला ४.४ किलो सिमेंटच्या घोळाचा असतो आणि त्या घोळात भारतीय मानक २६४५ ला अनुसरणारे जलरोधक संयुग मिसळलेले असते. याच वेळी कोपरेही गोल केले जातात. दुसरा थर १ : ३ प्रमाणाच्या २० मिलिमीटर प्लास्टरचा, तिसरा चौरस मीटरला १.७ किलो गरम डांबराचा, आणि चौथा ४०० मायक्रॉन जाडीच्या पीव्हीसी पत्र्याचा, ज्याचे जोड १०० मिलिमीटर एकमेकांवर चढवून डांबराने चिकटवलेले असतात. घरगुती कामात आता डांबराऐवजी दोन घटकांचा अ‍ॅक्रिलिक-सिमेंट लेप अधिक सोयीचा ठरतो. तो ब्रशने दोन वेळा, एकमेकांना आडव्या दिशेने मारतात आणि कोपऱ्यांत व नळ्यांभोवती त्यात काचतंतूंची जाळी गाडतात. हा थर जमिनीपुरता न ठेवता सर्व भिंतींवर किमान ३०० मिलिमीटर आणि शॉवरच्या बाजूला १.८ मीटरपर्यंत वर न्यावा. दाराच्या उंबऱ्याकडे तो बहुतेक वेळा विसरला जातो, आणि शयनगृहाच्या फरशीखाली पाणी पसरण्याचे एक मोठे कारण तेच असते.

पाचवा टप्पा चाचणीचा. ट्रॅप घट्ट बुजवून फरशीवर उथळ पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि किमान २४ तास, शक्य असल्यास ४८ ते ७२ तास, खालच्या छताकडे लक्ष ठेवावे. उष्म्यात थोडे पाणी सुकणारच, म्हणून शेजारी तेवढ्याच खोलीची एक घमेली भरून ठेवावी; तिच्यातली आणि फरशीवरची पातळी सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन, फरशीवरची अधिक उतरली तर गळती. ही चाचणी अनुत्तीर्ण झाली तर या टप्प्यावरची दुरुस्ती काही तासांची असते; टाइल बसल्यानंतर तीच दुरुस्ती आठवड्याची आणि तोडफोडीची होते.

सहावा टप्पा टाइलचा. टाइलच्या पाठीवर पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे ठेवून ती दाबण्याची रीत भिंतीवर सर्रास दिसते; तिच्यामुळे मध्ये पोकळ्या राहतात आणि त्या पाण्याने भरतात. ओल्या जागेत चिकट मसाला टाइलच्या जवळजवळ पूर्ण पाठीवर पसरलेला असावा. फटी इपॉक्सी ग्राउटने भरल्या तर पाणी फार कमी शिरते, मात्र इपॉक्सी ग्राउट हा जलरोधक थराला पर्याय नव्हे. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात कठीण ग्राउटऐवजी सिलिकॉन सीलंट द्यावे, कारण तेथे हालचाल होते आणि कठीण पदार्थ तडकतो.

स्थानिक माल, स्थानिक हवा

विदर्भात घरबांधणीला वापरले जाणारे बरेचसे सिमेंट पीपीसी, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेले पोझोलाना सिमेंट असते. ते अधिक दाट होते आणि जलरोधनाला अनुकूलही आहे, पण त्याला सावकाश पक्व होऊ द्यावे लागते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावे, कोरड्या उष्ण हवेत हा काळ १० दिवसांपेक्षा कमी नसावा आणि मिश्र सिमेंटच्या बाबतीत तो १४ दिवसांपर्यंत वाढवावा. एप्रिल-मे महिन्यांत तुमसरच्या उन्हात उघडा पडलेला कोबा दुपारपर्यंत पांढरा पडतो. त्यावर सकाळ-संध्याकाळ दोन शिंतोडे उडवणे म्हणजे पाणी मारणे नव्हे. ओले पोते अंथरून ते सतत ओले ठेवावे किंवा मातीच्या आळ्या करून पाणी साठवावे.

वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांची रेती या भागात सहज मिळते, पण रेती नदीची आहे एवढ्याने ती योग्य ठरत नाही. काचेच्या सरळ बरणीत रेती व पाणी घालून हलवले आणि स्थिर होऊ दिले की गाळाचा थर वर बसतो. तो आकारमानाने ८ टक्क्यांहून अधिक असेल तर रेती धुऊन घ्यावी. शिवाय ओल्या रेतीचे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तिचे आकारमान २० ते ३० टक्क्यांपर्यंत फुगते. घमेल्याने मोजणाऱ्या मिस्त्रीने पावसाळ्यात ही फुगवट धरली नाही, तर १ : ३ चे ठरलेले प्रमाण प्रत्यक्षात बदलून जाते.

तांदळाच्या या पट्ट्यात आणखी एका पदार्थाचा विचार व्हायला हवा. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो आणि तूस जाळल्यावर त्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असू शकते. पी. कुमार मेहता या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात या राखेपासून टिकाऊ सिमेंट बनवण्यावर पायाभूत संशोधन केले. भारतीय मानक ४५६ मध्येही योग्य दर्जाच्या तुसाच्या राखेला खनिज मिश्रण म्हणून मान्यता आहे. मात्र नियंत्रित तापमानात जाळलेली राखच काँक्रीटच्या केशनलिका बुजवते. गिरणीच्या भट्टीतून निघालेल्या काळ्या राखेत न जळलेला कार्बन अधिक असतो आणि ती तशीच मसाल्यात घातल्यास अपाय होतो. ज्या परिसरात तुसाचे ढीग दरवर्षी लागतात, तेथे प्रमाणित राख तयार करण्याचा लहान उद्योग ही अभियांत्रिकी महाविद्यालये आणि गिरणीमालक यांनी मिळून हाती घ्यावी अशी गोष्ट आहे.

गळती कोठून, हे आधी शोधावे

छताला डाग दिसला की लगेच वरची टाइल फोडणे ही घाई असते, कारण डागाची जागा आणि गळतीची जागा बहुधा एक नसतात; पाणी स्लॅबमधून आडवे सरकून सोयीच्या ठिकाणी टपकते. निदानाचा क्रम सोपा आहे. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीच्या पातळीची खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल तर दोष पुरवठ्याच्या नळीत आहे. जुन्या घरांत ही नळी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असते आणि भिंतीत गाडलेली असताना आतून-बाहेरून गंजते. पातळी कायम असेल तर नळी लावून पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडावे, फरशी कोरडी ठेवावी. तेवढ्याने खाली ओल आली तर दोष ट्रॅपच्या किंवा सांडपाण्याच्या जोडात आहे. तरीही ओल आली नाही, तर ट्रॅप बुजवून फरशीवर पाणी भरावे. शेवटी केवळ भिंतीवर शॉवर सोडून पाहावे. प्रत्येक चाचणीनंतर एक दिवस थांबल्याशिवाय पुढची घेऊ नये, नाही तर कारणे एकमेकांत मिसळतात.

ओलीची वेळही बोलकी असते. अंघोळीनंतर लगेच टपकणारे पाणी सहसा ट्रॅपच्या जोडातून येते, काही तासांनी वाढणारी ओल फरशीतून येते, आणि रात्रंदिवस एकसारखी राहणारी ओल पुरवठ्याच्या नळीकडे बोट दाखवते. सेकंदाला एक थेंब ही गळती क्षुल्लक वाटते. पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाकाठी चार लिटरहून अधिक पाणी स्लॅबमध्ये जात असते.

खोलगट स्लॅबच्या न्हाणीघरांत आणखी एक अडचण असते. नळ्या लपवण्यासाठी स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरून झिरपलेले पाणी या भरावात तळ्यासारखे साठते आणि पूर्ण भरल्यावरच खाली दिसू लागते. म्हणूनच बांधतानाच खड्ड्याच्या तळाशी बाहेर उघडणारी एक लहान नळी ठेवावी. तिच्यातून पाणी टपकू लागले की छत खराब होण्यापूर्वीच सूचना मिळते.

दुरुस्तीची पायरी

दोष फक्त फटींत असेल तर जुने ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणे आणि कोपऱ्यात सिलिकॉन देणे पुरते. दोष ट्रॅपभोवती असेल तर तेवढीच टाइल काढून जोड नव्याने करता येतो, मात्र नवा लेप जुन्या लेपावर किमान १०० मिलिमीटर चढवावा लागतो. फरशी सर्वत्र पाणी सोडत असेल, भराव ओला झाला असेल किंवा उतारच उलटा असेल, तर टाइल काढून सर्व टप्पे पहिल्यापासून करण्याला पर्याय नाही. टाइलवर मारायचे पारदर्शक द्रव सूक्ष्म फटींना काही काळ उपयोगी पडतात. उताराचा किंवा नळीचा दोष त्यांनी जात नाही.

खालून छताला प्लास्टर करणे, रंग देणे किंवा रसायन टोचणे हा उपाय लोकप्रिय आहे, कारण वरच्या घराला त्रास होत नाही. परंतु पाणी वरून येतच राहते आणि आता ते स्लॅबच्या आत कोंडले जाते. लोखंड गंजल्यावर त्याचे आकारमान मूळच्या दोन ते सहा पट होते; या दाबाने सळईखालचे काँक्रीट फुगते, तडकते आणि ढलप्यांनी गळून पडते. घरगुती स्लॅबमध्ये सळईवर काँक्रीटचे आवरण साधारण २० मिलिमीटरच असते, म्हणून ओल आणि सळई यांच्यातले अंतर फार नसते. गळती खालून झाकणे म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलणे आणि महाग करणे होय.

जबाबदारी कोणाची

तुमसरसारख्या गावांत आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत आणि वरच्या-खालच्या घरांत गळतीवरून वाद होतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून व पावसाच्या पाण्याने होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर संडास, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या आतील गळतीचा खर्च संबंधित सभासदाचा असतो. नव्या घरांच्या बाबतीत स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जाचा दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. पण ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक नाही किंवा सदनिका आठांहून अधिक नाहीत, त्याला या कायद्याखाली नोंदणीतून सूट आहे, आणि लहान गावांतील पुष्कळ इमारती अशाच असतात. स्वतः घर बांधणाऱ्याला तर मिस्त्रीशी झालेल्या बोलीशिवाय दुसरा आधार नसतो. म्हणून ती बोली लेखी असणे आणि तिच्यात जलरोधनाचे काम वेगळे नोंदलेले असणे, हा त्याचा खरा बचाव आहे.

घर बांधणाऱ्या किंवा न्हाणीघर नव्याने करणाऱ्या प्रत्येकाने करारात एकच अट आवर्जून घालावी : फरशीवर पाणी भरून घेतलेली चाचणी घरमालकाच्या समक्ष उत्तीर्ण झाल्याशिवाय एकही टाइल बसवली जाणार नाही आणि त्या कामाचे पैसेही दिले जाणार नाहीत. या अटीला जादा माल लागत नाही, कोणतेही महागडे रसायन लागत नाही. लागतात ते दोन-तीन दिवस आणि थोडे पाणी. मिस्त्रीने ती स्वतःहून सुचवली तर त्याच्या कारागिरीची ती सर्वांत चांगली जाहिरात ठरेल, आणि त्याने सुचवली नाही तर घरमालकाने ती मागितलीच पाहिजे.